‘कोकणाला काहीच नको असतं’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली आणि आज मंगळवार, तीन दिवस ती डोक्यातून जात नाहीये. आंब्याची शेवटची काढणी, वर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची कामं, त्यामुळे लगेच बसायला झालं नाही आणि दोन ओळींत काहीतरी लिहून मोकळं व्हावं अशी ती प्रतिक्रिया नाहीच. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सड्यावरच्या, म्हणजे आमच्याकडच्या उघड्या कातळाच्या पठारावरच्या, माझ्या लेखाखाली दादांनी लिहिलंय की कोकणातल्या लोकांना सरकार नको, कंपनी नको, रिफायनरी नको, अणुऊर्जा नको, फक्त मुंबईहून येणारे पैसे हवेत. बाहेरच्या प्रत्येकावरचा हा संशय म्हणजे ‘आमचं कोकण, आमचं कोकण’ करत कुरवाळलेला प्रांतवाद आहे, त्याच्यावर पुढारी जगतात आणि पोरं विरार-नालासोपाऱ्याच्या खोल्यांत आयुष्य काढतात. आणि शेवटी विचारलंय, ‘ताई, मग तुम्हाला नक्की हवंय तरी काय?’ दादा मूळचे संगमेश्वर तालुक्यातले, जन्म परळचा, आता पुण्यात इंजिनियर.

पोरांचं बोललात ते मला लागलं, कारण ते खरं आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होती, २०११ ला ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही माणसं कमीच झाली. आमच्या वाडीत बावीस घरं, त्यातली नऊ शिमगा आणि गणपती सोडला तर कुलूपबंद, आणि मराठी शाळेच्या पटावर सहा पोरं. माझा स्वतःचा मुलगा ठाण्याला आहे. तेव्हा मला या गोष्टीचं दुःख नाही असं कृपा करून समजू नका, इथे बाजारपेठ चालू राहावी, पोरांनी संध्याकाळी घरी जेवायला यावं असं मला तुमच्यापेक्षा कणभर जास्तच वाटत असेल.

पण हा संशय आमच्या रक्तातच आहे असं जे तुम्ही म्हणालात ते मला मान्य नाही. तो कुठून आला ते सांगते आणि सुरुवात माझ्या पडवीपासूनच करते.

नाणारच्या रिफायनरीच्या अधिसूचनेच्या आदल्या वर्षीची गोष्ट, म्हणजे २०१६. एक पांढरी गाडी आमच्या खळ्यात आली. दोन माणसं अनोळखी आणि तिसरा शेजारच्या वाडीतला, ओळखीचा, त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. सड्यावरची जमीन हवीय म्हणाले, काजूची बाग करायचीय. आता आमचा सडा म्हणजे उघडा कातळ, त्यावर काजू लावायला सुरुंग लावून खड्डे मारायला लागतील, हे न कळणारा माणूस काजूचा धंदा करत नाही. पण तेव्हा आम्हाला त्याचं एवढं काही वाटलं नाही. त्यांनी फाइल उघडली. त्यात आमच्याच सर्व्हे नंबरचा सातबारा होता, ताजा काढलेला. सामायिक जमीन, त्यावर ३१ नावं, त्यातली अर्धी माणसं वारलेली, वारस नोंद झालेली नाही, हे आपल्याकडे घरोघरी असतं. तर त्या ३१ पैकी अकरा नावांपुढे लाल पेनाने टिक केलेली. मी चहा ठेवता ठेवता वाकून बघितलं आणि मनात नावं जुळवली, तर टिक केलेले सगळेच्या सगळे मुंबईला राहणारे. माझा धाकटा दीर, दोन चुलत दीर, लग्न होऊन बोरिवलीला गेलेली नणंद. कोण गावात येत नाही, कोणाला पैशाची नड आहे, कोणाला सडा नक्की कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेसुद्धा माहीत नाही, हे सगळं त्यांनी आमच्या आधी बसून काढलं होतं.

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या, ऐकू कमी यायचं. त्यांनी एवढंच विचारलं, कोणासाठी घेताय. तो म्हणाला आमचे शेठ आहेत. सासूबाई म्हणाल्या, ‘आदी कागद दाकव, मग च्या पी.’ शेठचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. चहा तसाच राहिला, गाडी गेली. पण नालासोपाऱ्याला राहणाऱ्या माझ्या दिराने सही केली, त्याच्या मुलीच्या फीचा प्रश्न होता, त्याला मी आजही बोल लावत नाही. मे २०१७ ला नाणारची अधिसूचना निघाली तेव्हा आम्हाला काजूचा अर्थ कळला. त्या वर्षी गणपतीला दीर आला नाही, पुढच्या वर्षी आला पण दोन दिवस राहून गेला, आणि आरतीला आम्ही सगळे एका खोलीत उभे होतो तरी कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

राजापूर तालुक्यातली १४ आणि देवगडातली २ गावं, वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारी रिफायनरी, एवढा मोठा निर्णय. आमच्या ग्रामपंचायतीला अधिसूचनेनंतर कळलं, आमच्या शिक्षकांना पेपरातून कळलं, आणि लाल पेनवाल्याला वर्षभर आधी. नाणारमध्ये बाहेरच्या लोकांनी आधीच जमिनी घेतल्याच्या तक्रारी जाहीरपणे झाल्या, चौकशीच्या मागण्या झाल्या. मला एवढंच सांगा, या क्रमाने गोष्टी घडल्यावर तुमच्या संगमेश्वरच्या आजीने कोणावर विश्वास ठेवला असता?

प्रांतवादाचा मुद्दा काढलात म्हणून सांगते, त्या गाडीतला तिसरा माणूस आमच्यातलाच होता. आणि त्याच्याही कितीतरी आधी, कागद स्वतःच्या हातात धरून आम्हाला नागवणारा खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनदार, तोही कोकणीच होता, आमच्याच देवळात पहिला मान घेणारा. माझ्या सासऱ्यांचे वडील खोताचं कूळ. वहीत काय लिहिलंय ते कुळाला दिसायचं नाही, खंड भरला तरी बाकी निघायची, आणि कुळाने लावलेलं फणसाचं झाडसुद्धा खोताचं. अलिबागजवळच्या चरीला शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पेरल्या नाहीत, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली, लाकडं विकून आणि मासे मारून पोट भरलं पण खोताची जमीन नांगरली नाही. बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबई विधानसभेत खोती रद्द करायचं बिल आणलं. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. म्हणजे माझ्या घरात ज्यांनी खोती बघितली त्यांच्या हातचं खाल्लेली माणसं अजून जिवंत आहेत दादा. ‘कागद दाखव’ हे सासूबाईंना कुठल्या संघटनेने शिकवलं नव्हतं. आमचा राग बाहेरच्यांवर असता तर गोष्ट सोपी होती, तो आहे कागद लपवणाऱ्यावर.

एन्रॉनचं, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीच्या गुहागर तालुक्यातल्या वीज प्रकल्पाचं, तुम्ही ‘जुनं उगाळू नका’ असं लिहिलंय. मी उगाळणार, कारण तुम्ही तेव्हा शाळेत असाल आणि माझं माहेर गुहागरचं. १९९२ ला सामंजस्य करार झाला, १९९३ ला जागतिक बँकेने सांगितलं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, तरी त्याच वर्षाच्या शेवटी वीज खरेदीचा करार झाला, आणि तो करार लोकांना वाचायला मिळत नव्हता. ९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा झाली, आमच्याकडच्यांनी त्या भाषेवर भरभरून मतं दिली. सत्ता आल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्द झालाही, आणि पुढच्या वर्षी नव्याने वाटाघाटी करून तोच प्रकल्प परत, आधीपेक्षा मोठा होऊन. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस शिरले, बायकांना घराबाहेर ओढलं, मारलं, हे ह्युमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात नोंदलेलं आहे. माझी आतेबहीण वेलदूरला दिलेली. तिच्या घराच्या दाराची कडी त्या पहाटे तुटली, ती पुढे कित्येक वर्षं तशीच होती, नवऱ्याने बसवली नाही, आणि मी एकदा विचारलं तर म्हणाली राहू दे, पोरांना कळायला हवं. मग १९९९ ला वीज सुरू झाली, ती राज्याच्या वीज मंडळाला इतकी महाग पडली की २००१ ला घेणं बंद केलं, कारखाना ठप्प, आणि डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं वाजलं. वेलदूर, अंजनवेल, रानवीच्या ज्या बायका सांगत होत्या की यात काहीतरी खोट आहे त्यांना तेव्हा अडाणी म्हणत होते. त्यांची माफी मागायला कोणी आल्याचं मला माहीत नाही.

स्टरलाइटचंही तसंच. १९९३ ला रत्नागिरीकरांनी तांब्याचा कारखाना अडवला तेव्हा ‘विकासाला लाथ मारली’ असं लिहिणारे कमी नव्हते. तो तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला, आणि मे २०१८ मध्ये तिथे प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसं गेली, कारखान्याला टाळं लागलं. मला यात आनंद नाही. आपल्या दारातलं संकट दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कोळणींच्या दारात गेलं, हे आठवलं की वाईटच वाटतं.

आता दुसरी बाजू, जी तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही, आणि माझ्या मते मोठी तीच आहे. आम्हाला उशिरा कळतं हा एक भाग झाला. पण आम्हाला जे आधीच माहीत असतं ते वर कोणी ऐकत नाही, त्याचं काय? चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसहून जास्त माणसं वाहून गेली. धरण गळतंय अशा तक्रारी गावाने आधीच केलेल्या होत्या. आणि नंतर त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. दादा, आम्ही लहानपणापासून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, खेकडे पकडणारी माणसं, रात्री बत्ती घेऊन जातो, कुठल्या बिळात किती मोठा खेकडा असतो ते आमच्या पोरांना विचारा. ज्यांची घरंच्या घरं गेली त्यांना हे कारण ऐकायला लागलं. त्या दिवशी आमच्या घरात कोणी काही बोललं नाही, टीव्ही बंद केला आणि सासूबाई देवाजवळ जाऊन बसल्या.

मालवणला राजकोटवर महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. वारा ताशी ४५ किलोमीटर होता असं कारण दिलं गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर वारा शंभराच्या वर होता. पावसाळ्यात ४५ चा वारा ही किनाऱ्यावर बातमीसुद्धा होत नाही, आमच्या छपराचे नळे त्यात टिकतात. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या खलाशाला विचारलं असतं तरी त्याने वाऱ्याचं गणित सांगितलं असतं.

आणि सडा. माझ्या लेखाला तुम्ही ‘ओसाड माळाचं कौतुक’ म्हणालात. सरकारी कागदावरही तो पोटखराबाच आहे, म्हणजे लागवडीला अयोग्य, त्यामुळे मोबदल्यातही त्याचा भाव तसाच. पण तुम्ही एकदा सप्टेंबरात या, पहिल्या आठवड्यात, तेरडा फुलतो तेव्हा. पाय ठेवायला जागा नसते, कातळाच्या खळग्यांत पाणी साचलेलं आणि त्यात सीतेच्या आसवांची निळी फुलं. चार महिने वाडीतली गुरं तिथेच चरतात. पाऊस कातळाच्या भेगांतून मुरतो आणि खाली आमच्या विहिरीला येतो, सड्याच्या पायथ्याच्या पऱ्याला एप्रिलपर्यंत बारीक धार असते, त्या धारेवर आंब्याची चाळीस कलमं आणि तीन विहिरी आहेत. हे मोजलेलं नाही कोणी. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कोकणातली ही शिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाची मशिनं आली, भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या पडल्या आणि पोलिसांच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. जी जागा आम्हाला विहिरीचं पाणी देते तिला कागदावर नाव नाही, हे आमचं मूळ दुखणं आहे.

एकदा शेजारच्या तालुक्यात एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेले होते. अहवाल इंग्रजीत, जाडजूड, आणि मराठीत हातात दिलेला सारांश बारा पानांचा. त्यात लिहिलेलं, परिसरात उल्लेखनीय मासेमारी होत नाही. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या बाईच्या टोपलीत सकाळी विकून उरलेले बांगडे होते. तिने माइकवर जाऊन टोपली वर धरली, बोलली काहीच नाही. दोन मिनिटं झाली म्हणून तिला खाली बसवलं.

तुम्ही म्हणता पुढारी या भावनेवर जगतात. शंभर टक्के बरोबर. नाणार मार्च २०१९ ला रद्द झालं तेव्हा फटाके वाजवणाऱ्या पक्षाच्याच मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२२ ला बारसूची जागा सुचवणारं पत्र केंद्राला दिलं, आणि ते पत्र लोकांना कळलं फार नंतर. म्हणजे आमच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही तेच केलं, कागद आधी तिकडे आणि आम्हाला शेवटी. मला त्यामुळे कुठल्याच झेंड्याखाली उभं राहावंसं वाटत नाही. आणि आमच्या लोकांचंही चुकतं, तेही लिहिते. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळी काय काय अफवा फिरल्या, किरणांनी बायकांना मुलंच होणार नाहीत वगैरे. खोटं बोलून लढलो की खरं बोलायच्या वेळी कोणी ऐकत नाही, हे मी तेव्हाही बोलले होते आणि शिव्या खाल्ल्या होत्या. ‘परप्रांतीय हटाव’ म्हणणारेही मला आवडत नाहीत. साखरी नाटेचा मुसलमान मच्छीमार, धनगरवाड्यावरचा धनगर, बौद्धवाडीतली माझी मैत्रीण, आमच्या बागेत राखणीला राहणारं नेपाळी कुटुंब, कोकण म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हे सगळे असतात.

‘माडबनवाल्यांनी शेवटी चेक घेतलेच ना’ हे वाक्य मात्र मला फार खटकलं. माडबन म्हणजे जैतापूर प्रकल्पात जमीन गेलेलं गाव, आणि प्रकल्पासाठी ९३८ हेक्टर जमीन संपादन होऊन गेलेली होती दादा. चेक नाकारून जमीन परत मिळत नाही, फक्त पैसे पडून राहतात. वर्षानुवर्षं नाकारून, केसेस अंगावर घेऊन, मग ज्याच्या घरात आजारपण आलं त्याने घेतला. याला संमती म्हणत नाहीत.

आता कोकण रेल्वे बघा. चाळीस हजारांच्या वर जमीनमालकांनी जागा दिली, पिढीजात कलमं तोडून दिली, माझ्या मामांच्या दारातून लाइन गेली. नव्वदला काम सुरू, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी. मामा सांगायचे, अधिकारी घरी आले, पडवीत नकाशा पसरला, कुठलं झाड जाणार ते दाखवलं, खुणा केल्या, मोबदला लवकर आला. गाडी कोणासाठी आहे हे कोणाला समजवायला लागलं नाही. मुंबई-गोवा हायवेलाही लोकांनी जागा दिल्याच आहेत, २०११ पासून काम चालू आहे आणि दर गणपतीला तुम्ही पेणपासून पुढे कसे येता ते तुमच्या कंबरेला विचारा. म्हणजे ‘काहीच नको’ हे खरं नाही, आम्ही दिलंय, आणि दिल्यावर काय होतं तेही बघितलंय.

हवंय काय, असं विचारलंत. मला हवंय की अधिसूचना निघायच्या आधी मराठीतला पूर्ण अहवाल ग्रामपंचायतीच्या टेबलावर असावा, आणि अधिसूचनेच्या आधीच्या तीन वर्षांतली त्या गावांमधली सगळी खरेदीखतं जाहीर व्हावीत, नावानिशी. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर २०१३ च्या कायद्यात ८० टक्के जमीनमालकांची संमती लागते, पण एमआयडीसी १९६१ च्या स्वतःच्या कायद्याने घेते आणि तिथे ती अट नाही, ती अट तिथेही यावी. ग्रामसभेचा ठराव नुसता फाइलला लावण्यापुरता नसावा. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांनी दाभोळ खाडीतली मासळी मेल्याच्या तक्रारी मच्छीमार किती वर्षं करतायत, माधव गाडगीळांच्या समितीने २०११ ला लोट्याच्या प्रदूषणावर लिहिलंय, तर आधी ती खाडी स्वच्छ करून दाखवा, मग पुढच्या कारखान्याचं बोलू. आणि रोजगार म्हणाल तर आंब्याचं, काजूचं, रातांब्यांचं, मासळीचं कोल्ड स्टोरेज, प्रक्रिया, वेळेवर वीज, चालू राहणारं नेटवर्क, तालुक्याला एक धड सरकारी हॉस्पिटल, याच्यावर आम्ही कधी मोर्चा काढलाय का? काढला तर तो मागण्यासाठीच काढलाय.

तुम्ही इंजिनियर आहात, तुम्हाला ड्रॉइंग न दाखवता कोणी सही मागितली तर तुम्ही द्याल का? आम्हीही तेवढंच करतोय.

एक काम करा दादा, रागाने सांगत नाहीये. आज रात्री सरकारच्या महाभूलेख साइटवर जाऊन तुमच्या गावचा सातबारा आणि आठ-अ काढा. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर काकांना फोन करा, बऱ्याच दिवसांत केला नसेल. फेरफारांची नोंद नीट वाचा, तुमच्या आजोबांच्या नावाखाली वारस लागलेत का, एखादं न ओळखीचं आडनाव सामायिकात आलंय का ते बघा. काही खटकलं तर तलाठ्याकडून त्या फेरफाराची नक्कल मागून घ्या, हरकतीला मुदत असते, ती चुकवू नका. आणि जे सापडेल ते इथे लिहा, मी वाट बघतेय. माझ्या दिराने आमचा सातबारा पहिल्यांदा बघितला तो सही केल्यानंतर आठ महिन्यांनी.